ट्रंकबाईंचा ताप

माझ्या सासूबाईंना ओळखीपाळखीतले सगळे ट्रंकबाई म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले, त्यावरून पडलेलं नाव. ट्रंक कॉल म्हणजे परगावचा फोन. तो तेव्हा आपोआप लागत नसे. मधे एक बाई कानाला हेडफोन लावून बसलेली असे, ती समोरच्या बोर्डावरच्या एका भोकातली वायर दुसऱ्या भोकात खुपसे, आणि दोन गावं एकमेकांशी बोलू लागत.

अशा चौदा बायका एका रांगेत बसत. बाथरूम दोन मजले खाली. उठायचं असेल तर हात वर करायचा, मग सुपरवायझर बदली बाई पाठवणार, आणि परत येईपर्यंत घड्याळाकडे बघत उभी राहणार. तिशी-चाळिशीच्या, लेकुरवाळ्या बायका, पण एकीला जायचं तर शाळेतल्या पोरीसारखं बोट वर करायचं. त्यापेक्षा पाणीच न प्यालेलं बरं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सासूबाई हे फार अभिमानाने सांगायच्या. "आठ तासांची ड्युटी, अर्धा कप चहा आणि एकदाही उठायचं नाही. आमच्या रांगेत माझा पहिला नंबर." रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी ही सवय काही सुटली नव्हती. जेवताना भांड्यातलं पाणी दोन घोट प्यायच्या आणि उरलेलं तसंच.

सासरे लाइनमन होते. खांबावर चढून लाइन दुरुस्त झाली की खिशातला छोटा फोन तारांना जोडायचे आणि एक्स्चेंजला विचारायचे, "हॅलो, खांब नंबर चौदा. ऐकू येतंय का?" बोर्डावर सासूबाई असायच्या. "येतंय. बोला." सात महिने दोघांची ओळख एवढीच. मग एकदा पगाराच्या रांगेत मागून कोणीतरी "जरा सरकता का" म्हणालं, आणि ह्या मागे न बघताच म्हणाल्या, "खांब नंबर चौदा?" लग्न झालं ते असं.

मी सून म्हणून आले तेव्हा सासरे होते. मोजकं बोलायचे. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. सासूबाई फारशा रडल्या नाहीत. त्यांच्या वस्तू कुणाकुणाला देऊन टाकल्या, फोटो मात्र सगळे ठेवले. पुढे कधीतरी मटार सोलता सोलता मला म्हणाल्या, "चेहरा आहे गं अजून. डोळे मिटले की दिसतात. आवाज गेला."

"म्हणजे?"

"आठवत नाही. काय बोलायचे ते आठवतं, कसं बोलायचे ते नाही. लाखभर लोकांचे आवाज या कानांतून गेले, एवढा ह्यांचाच राहिला नाही बघ."

आणि पुन्हा मटार सोलू लागल्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंना ऐंशीवं लागलेलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दुपारी जेवायला घरी येते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, तो संध्याकाळशिवाय घरी नाही. त्या दिवशी मी दोन वाजता दार उघडलं तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या. समोर वेताची खुर्ची आडवी पाडलेली, हातात मोबाइलच्या चार्जरची वायर, आणि वायरचं टोक त्या वेताच्या विणीतल्या भोकांतून एकेक करून खुपसत होत्या.

"आई, काय करताय?"

त्यांनी हात वर करून मला गप्प बसवलं. चेहरा उजळलेला, गाल लालबुंद. "लाइनवर आहेत," म्हणाल्या. मग अगदी कामावरच्या आवाजात, "येतंय. बोला. मी ऐकतेय, तुम्ही बोला."

अंगाला हात लावला तर तापलेल्या. साडी मागून ओली होती. आत पलंगाखाली धुऊन पिळलेल्या दोन चादरी कोंबलेल्या सापडल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवस त्या सारख्या बाथरूमला जात होत्या. मी विचारलं होतं, तर "उन्हाळे लागलेत थोडे, जातील" म्हणून उडवून लावलं होतं. मीही ऐकून घेतलं. चादरींचा पत्ताच लागू दिला नव्हता.

शेजारची म्हणाली, "वय झालं गं, आता हे असंच चालायचं." नवऱ्याने फोनवर एकच विचारलं, "तोंड वाकडं झालंय का?" त्याला अर्धांगवायूची भीती. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी हात-पाय उचलायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली, साखर तपासली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, लघवीला किती वेळा जात होत्या, जळजळ होती का, ताप कधीपासून, पाणी किती पितात. शेवटच्या प्रश्नावर माझी मान खाली गेली.

"मूत्रमार्गात जंतू झालेत," त्या म्हणाल्या. "तरुण माणसाला नुसती जळजळ होते. म्हातारपणी कधी कधी डोकंच गोंधळून जातं. हे वेड नाही, घाबरू नका. औषध लागू पडलं की उतरेल."

लघवी तपासायला गेली, त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू झालं. पहिला अख्खा दिवस त्या बोलत होत्या. सलाइनची नळी बोटांत धरायच्या, ऐकायच्या, हसायच्या. मी जन्मात त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. लाजल्यासारखं. नवरा ते बघून बाहेर जाऊन उभा राहिला.

दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या पलंगावर नीट बसलेल्या, केस विंचरलेले. मला नावाने हाक मारली. मी आनंदाने म्हटलं, "आई, बरं वाटतंय ना?"

"हो. गेला ताप." थोड्या वेळाने म्हणाल्या, "फारच लवकर गेला."

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग आमच्या घरात पाण्याचं राज्य सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. हृदय आणि किडन्या चांगल्या आहेत, तेव्हा दिवसाला दीड लिटर तरी पोटात गेलंच पाहिजे. लागली की लगेच जायचं, नाही लागली तरी तीन-तीन तासांनी जाऊन यायचं, घाई न करता पूर्ण मोकळं व्हायचं. धुताना हात पुढून मागे. पोट साफ राहिलं पाहिजे. बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. शिवाय एक क्रीम लिहून दिलं, आठवड्यातून दोनदा आतल्या बाजूला लावायचं; पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ होते, जंतूंना रान मोकळं मिळतं, म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "ऐंशीव्या वर्षी क्रीम लावायचं तर मी ते तोंडाला लावेन." डॉक्टरीणबाई हसल्या, पण बधल्या नाहीत.

नवऱ्याने एका बाटलीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. दहा वाजता इथपर्यंत, बारा वाजता इथपर्यंत, असं. सासूबाईंनी बाटली निमूटपणे घेतली. मी दुपारी यायचे तेव्हा पाणी बरोबर दोनच्या खुणेवर असायचं. बाई शिस्तीची! आम्ही दोघं खूष.

दोन महिन्यांनी एकदा आमच्या दुकानातली वीज गेली, आणि मी अकराच्या सुमारास घरी आले. त्यांना चाहूल लागली नाही. बेसिनपाशी उभ्या होत्या. बाटली डोळ्यांसमोर धरून हळूहळू तिरकी करत होत्या. खुणेपर्यंत पाणी ओतलं, बूच लावलं, बाटली पुसून जागेवर ठेवली.

"आई!"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "अगं, शिळं होतं."

"सकाळीच भरलंय मी."

"मग विसरले असेन."

त्या काही विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. ओठ सुकलेले होते, सालं निघालेली. मला राग आला, खूप राग आला. आपण जीव काढायचा आणि ह्यांनी बेसिनला पाणी पाजायचं! पण नवऱ्याला सांगितलं तर घरात आकांडतांडव होईल, म्हणून मी गप्प बसले. समोर बसवून दोन पेले पाजले आणि कामाला गेले. ही माझी चूक. तेव्हाच डॉक्टरीणबाईंकडे जायला हवं होतं.

पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. अशी हुडहुडी की पलंग हलत होता. कंबरेत कळा, उलट्या. या वेळी जंतू वर किडनीपर्यंत पोचले होते. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, सहा दिवस राहिलो.

डोकं या वेळीही गोंधळलं, पण हसू नव्हतं. त्या घाबरून चादर कानांवर ओढून घ्यायच्या. "सगळे एकदम बोलतायत," म्हणायच्या. "बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटलेत. कुणाला जोडू? सुपरवायझर बघतेय." एकदा माझं मनगट धरून इतक्या काकुळतीने म्हणाल्या, "मला खाली जाऊन येऊ दे गं, पाच मिनिटं." मी म्हटलं, "जा ना आई, चला, मी नेते." तर रडायलाच लागल्या. "माझा पहिला नंबर जाईल."

त्यांना धरून बाथरूमला नेताना मला कळलं, की त्या अभिमानाच्या गोष्टीच्या पोटात काय काय दडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. वॉर्डात जेवणाची ताटं गोळा करत होते. सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"आई, पाणी का ओतत होतात?"

त्या अजून छताकडेच बघत होत्या.

"पहिल्या वेळी आले होते ना," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कोण काय. हे." त्यांनी मान वळवली. "आवाज, सूनबाई. तोच आवाज. अगदी तोच, जरासा घोगरा, 'ऐकू'तला 'ऐ' ओढलेला. अकरा वर्षं शोधत होते मी तो. झोपेत नाही, स्वप्नात नाही, कुठे नाही. आणि एका तापात मिळाला. मी म्हटलं, येतंय, बोला. ते काहीतरी सांगणार होते. तेवढ्यात तुमची औषधं लागू पडली."

मी त्यांच्या डोक्याखालची उशी वर सरकवली.

"मग म्हटलं, तापानेच येणार असतील तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "पण या वेळी आले नाहीत. दुसरेच सगळे आले."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. रागवायचं ठरवून बसले होते, ते कुठल्या कुठे गेलं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा बाहेरच्या बाकावर त्याला सगळं सांगितलं, मी लपवलं तेही. तो भडकला. "मरायचंय का तिला?" म्हणत तरातरा आत गेला. मी मागोमाग. पण पलंगापाशी पोचल्यावर आईच्या पायाशी बसला, पांघरूण सारखं करत राहिला. मग विचारलं, "कसा होता गं आवाज?"

"तुला नाही आठवत?"

"नाही," तो म्हणाला. "मलाही नाही. कुणाला सांगितलं नाही मी."

मायलेकरं एकमेकांकडे बघत बसली. इतकी वर्षं एकाच घरात दोघं एकच गोष्ट शोधत होते आणि दोघांनाही वाटत होतं, आपणच तेवढे करंटे.

घरी आल्यावर नवऱ्याने शोधाशोध सुरू केली. कुठे कॅसेट, कुठे जुना व्हिडिओ, कुणाच्या लग्नातलं शूटिंग. सगळ्यांना फोन लावले. काहीच नाही. सासरे कॅमेऱ्यासमोर यायचे तेही नुसते उभे राहायचे. मात्र या फोनाफोनीत एक जुना माणूस सापडला. सासऱ्यांचा जोडीदार, खांबाखाली शिडी धरून उभा राहणारा. सगळे त्याला शिडीवाला म्हणत. चौऱ्याऐंशी वर्षांचा, आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर राहणारा. पुढच्याच रविवारी काठी टेकत हजर झाला.

"वहिनी, ऐकलं आजारी होता?"

"लघवीचं दुखणं हो, भाऊजी," सासूबाई संकोचून म्हणाल्या.

"अहो त्यात लाजायचं काय! मला तर दीड महिना नळी होती. प्रोस्टेट! पिशवी हातात घेऊन फिरायचो, मंडईत निघाल्यासारखा." तो मोठ्याने हसला. मग दोघांचं जे सुरू झालं, ते ऐकून मला स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावावा लागला. कुणाला किती वेळा उठावं लागतं, कुणाचा जोर कमी झालाय, बसमध्ये बसण्याआधी कुठल्या हॉटेलचं बाथरूम गाठावं. दोन पुढाऱ्यांची बैठक बसावी तशी चर्चा. गप्पांच्या नादात सासूबाई दोन पेले पाणी आणि कपभर चहा पिऊन गेल्या, कुणी आग्रह न करता.

चहा झाल्यावर नवऱ्याने विचारलं, "काका, बाबांचा आवाज आठवतो का हो तुम्हाला?"

शिडीवाल्याने डोळे मिटले, खूप प्रयत्न केला. "नाही रे बाळा. खोटं कशाला बोलू. मी खाली, तो वर. मला त्याचे बूटच जास्त आठवतात." मग एकदम म्हणाला, "पण त्या चौदा नंबरच्या भानगडीचं वहिनींना सांगितलं होतं का त्याने?"

"कसली भानगड?"

"चौदा नंबरचा खांब सात महिने बिघडत होता, आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे काय. दर दोन दिवसांनी. आम्ही सगळ्या त्या खांबाला शिव्या घालायचो."

"तो खांब धडधाकट होता, वहिनी. हाच वर जाऊन वायर सैल करून यायचा. दोन दिवसांनी तक्रार आली की हाच दुरुस्तीला जायचा. मी म्हटलं, अरे, नोकरी जाईल. तर म्हणतो, शिडी धर गुपचूप, मला बाईंना विचारायचंय ऐकू येतंय का."

सासूबाई आधी हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, आणि मग त्या जे रडल्या ते अकरा वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तसं. शिडीवाला बावरून उठायला लागला. त्यांनी हातानेच त्याला बसवलं. "चोर मेला," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला आणि पत्ता लागू दिला नाही. अजून काय काय केलंय ते सांगा, भाऊजी."

त्यानंतर शिडीवाला बहुतेक रविवारी येतो. येताना बसस्टँडवर मोकळा होऊन येतो, आल्या आल्या तशी बातमीही देतो.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मध्यंतरी एकदा सासूबाईंच्या लघवीला वास येऊ लागला. नवऱ्याने घाबरून आधीच्याच गोळ्या दुकानातून आणल्या. मी या वेळी गप्प बसले नाही, आधी डॉक्टरीणबाईंना विचारायला लावलं. त्यांनी तपासून पाहिलं. ताप नाही, जळजळ नाही, डोकं ठिकाणावर. म्हणाल्या, "नुसत्या वासाला गोळ्या द्यायच्या नसतात. उगाच दिल्या तर खऱ्या वेळी लागू पडणार नाहीत. पाणी वाढवा, लक्ष ठेवा." दोन दिवसांत वास गेला. गोळ्या दुकानात परत दिल्या.

त्याच वेळी, मी पर्समध्ये कागद भरत असताना, सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ताप न येता डोकं तसं होत नाही का? थोडंसं?"

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही, आजी. आणि तापातही कोण येईल ते आपल्या हातात नसतं."

"ते बघितलंय मी," सासूबाई म्हणाल्या.

आता त्या पाणी पितात. आवडीने नव्हे, कडू काढा घ्यावा तसं तोंड करून पितात. क्रीमही लावतात आणि लावताना मला दाराबाहेर उभी करतात. आठ महिने झाले, ताप नाही. पण एखाद्या दुपारी मी घरी येते तेव्हा त्या खिडकीपाशी बसलेल्या असतात, मान किंचित कलती, उजवा कान बाहेरच्या बाजूला. पेला भरलेला, हातातच. मी चपला काढते, हात धुते, आवाज न करता पानं घेते. थोड्या वेळाने त्याच म्हणतात, "आलीस?" आणि पेला तोंडाला लावतात.